लग्न एकदाच झालं, पुरावा किती वेळा द्यायचा?

२९ एप्रिल २००४ रोजी युरोपीय संघाने एक कायदा केला. त्याचा क्रमांक २००४/३८. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात जात असेल, तर त्याच्या बरोबर किंवा त्याच्या मागोमाग त्याची बायको किंवा तिचा नवरा जाऊ शकतो, मग त्या जोडीदाराचा पासपोर्ट जगातल्या कुठल्याही देशाचा असो. जोडीदाराला व्हिसा लागत असेल तर तो मिळवण्यासाठी सर्व सोयी करून द्यायच्या, व्हिसा फुकट द्यायचा, शक्य तितक्या लवकर द्यायचा आणि त्यासाठी वेगळी जलद पद्धत ठेवायची, असं पाचव्या कलमात लिहिलेलं आहे. त्यात 'जमल्यास' नाही, 'अधिकाऱ्याच्या मर्जीनुसार' नाही. हे कलम मला तोंडपाठ आहे, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत मोडलं जाताना मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

माझा नवरा आयर्लंडचा नागरिक आहे. मूळचा पुण्याचा, नोकरीसाठी डब्लिनला गेला, आवश्यक वर्षं भरल्यावर त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. त्यामुळे तो कागदोपत्री परदेशी झाला. मी भारतीय आहे आणि भारतीयच राहणार आहे. माझे आईबाबा इंदूरला अन्नपूर्णा मंदिराजवळ सुदामा नगरात राहतात. त्यांचं आजारपण, घराचे कागद, बँकेची कामं हे सगळं माझ्याकडे आहे, आणि या सगळ्याच्या वर माझा मतदानाचा हक्क आहे. तो मला सोडायचा नाही. "तूही तिकडचा पासपोर्ट घेऊन टाक, कटकट मिटेल" असं मला येता-जाता ऐकवलं जातं. पण कायद्याने हा हक्क परदेशी बायकोलाच दिलेला आहे, तिचा पासपोर्ट परदेशी आहे म्हणूनच दिलेला आहे. तो मिळवायला मी माझा देश का सोडायचा?

आता अडचण कुठे आहे ते सांगते. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटात, नाही. संघातले असे दोनच देश उरलेत, आयर्लंड आणि सायप्रस. फ्रेंच माणसाची भारतीय बायको फ्रान्समध्ये राहत असेल तर तिथला रहिवासी परवाना खिशात घालून ती इटलीत, स्पेनमध्ये, जर्मनीत फिरू शकते. माझ्याकडे आयर्लंडचा परवाना आहे, तो शेंगेनच्या दारात चालत नाही. आणखी एक गंमत नसलेली गोष्ट पाहा. आम्ही दोघं उद्या बेल्जियमला राहायला गेलो, तर तिथे मला याच कायद्याच्या दहाव्या कलमाखाली कुटुंबीयाचं कार्ड मिळेल आणि त्या कार्डावर मी व्हिसाशिवाय प्रवास करू शकेन. पण नवरा स्वतःच्या देशात राहतो, तिथे कर भरतो, तिथे मत देतो, म्हणून मला ते कार्ड नाही. देश सोडून गेलेल्या नागरिकाच्या बायकोला जे मिळतं ते देशात राहिलेल्याच्या बायकोला मिळत नाही. ज्यांनी हे असं रचलं त्यांना यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही, हे मला भयंकर वाटतं.

असो. व्हिसा लागतो, तर अर्ज करू. माझं भांडण अर्ज करण्याशी नाही. माझं भांडण हातात जे पडतं त्याच्याशी आहे. एकदाच आत जाता येईल असा, मोजक्या दिवसांचा, त्या प्रवासाच्या तिकिटाला चिकटवलेला व्हिसा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. तीच बायको, तोच नवरा, तेच लग्न, आणि प्रत्येक वेळी नव्याने शंका.

गेल्या उन्हाळ्यात मी इंदूरला होते. नणंदेच्या बाळाचं बारसं होतं, शेंगेनमधल्या एका देशात. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच दारात येतो असं नाही. नवरा डब्लिनहून तिथे पोहोचणार होता, मी इंदूरहून. रात्रभर अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि सकाळी अर्ज घेणाऱ्या केंद्रात टोकन घेऊन बसले.

शेंगेनचा अर्ज सगळ्या देशांना सारखाच. त्यावर छापलेली एक सूचना कुणी वाचत नाही, पण ती आहे: संघाच्या नागरिकांच्या कुटुंबीयांनी चांदणीची खूण केलेले रकाने भरायचे नाहीत. हे रकाने कसले? नोकरी काय करता, मालक कोण, कुठे उतरणार, खर्च कोण करणार. म्हणजे अर्जदार गरीब आहे का, तिथेच राहून जाईल का, हे तपासणारे रकाने. कुटुंबीयाच्या बाबतीत हे तपासायचंच नसतं, म्हणून ते रिकामे ठेवायचे. मी ठेवले.

खिडकीतल्या मुलीने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक रिकाम्या रकान्याभोवती गोल काढला.

"मॅडम, हे भरून द्या. रिकामं चालत नाही."

मी अर्ज तिच्याकडे फिरवून छापील सूचनेवर बोट ठेवलं. तिने ती वाचली. बहुधा पहिल्यांदाच वाचली.

"हो मॅडम, पण आम्हाला चेकलिस्टप्रमाणेच घ्यावं लागतं."

त्या चेकलिस्टमध्ये काय होतं? नवऱ्याचं बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, परतीचं तिकीट, ३० हजार युरोंचा प्रवासी विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा. शिवाय मी इंदूरला कशासाठी आले आहे याचं स्पष्टीकरण. शिवाय नवऱ्याचं संमतीपत्र. एका प्रौढ बाईला प्रवास करायला नवऱ्याची लेखी संमती हवी, हे युरोपच्या नावाने मुंबईत बसून सांगितलं जात होतं. कायद्याप्रमाणे या अर्जाला तीन गोष्टी लागतात. माझा पासपोर्ट, तो संघाचा नागरिक असल्याचा आणि आमचं लग्न झाल्याचा पुरावा, आणि तो तिथे जातोय व मी त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे जातेय एवढं दाखवणारं काहीतरी. विम्याचीही अट कुटुंबीयांना नाही. हे मी बोलत नाही. युरोपीय आयोगाने वकिलातींसाठी काढलेल्या व्हिसा पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे.

शेवटी एक कागद पुढे आला. 'अपुऱ्या कागदपत्रांसह स्वतःच्या जबाबदारीवर अर्ज देत आहे' असा मजकूर. सही केल्याशिवाय अर्ज घेणार नव्हते. मी सही केली आणि तिच्या वर पेनाने लिहिलं: 'ही कागदपत्रं कलम ५, उपकलम २ प्रमाणे लागू नाहीत.' मुलीचा चेहरा पडला. तिच्यावर माझा राग नाही. तिला दिवसाला शंभर अर्ज हातावेगळे करायचे आहेत आणि कायदा तिला कुणी शिकवलेला नाही. ज्यांनी शिकवायचा, ते त्या खिडकीत कधी बसत नाहीत.

फी माफ होती, पण 'सेवाशुल्क' नव्हतं. इथे आणखी एक नियम मोडला जातो. आयोगाची तीच पुस्तिका सांगते की कुटुंबीयांना थेट वकिलातीत, एक पैसाही न देता अर्ज करता आला पाहिजे. खाजगी केंद्रात जायची सक्ती करता येत नाही. कुणी स्वतःहून तिथली सेवा निवडली तरच तिचे पैसे. प्रत्यक्षात वकिलातीला पत्र लिहा, उत्तर येतं: केंद्राच्या वेबसाइटवरून वेळ घ्या. म्हणजे दार बंद करायचं आणि वर म्हणायचं की तुम्ही खिडकी निवडलीत.

व्हिसा आला. प्रवेश एक. दिवस बारशापुरते. मी जोडलेल्या पत्रात दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मागितला होता, आधीचे सगळे व्हिसा नियमाप्रमाणे वापरल्याच्या पानांच्या प्रती लावल्या होत्या. त्याबद्दल एक अक्षर नाही. 'नाही' म्हणण्याचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नाहीत.

एक प्रवेश म्हणजे काय, हे ज्याला कधी व्हिसा लागला नाही त्याला कळणार नाही. तिथून दोन दिवसांसाठी डब्लिनला घरी जाऊन आलात तर व्हिसा संपला. बाळाची तब्येत बिघडली, नणंदेने परत ये म्हटलं, तर नवरा त्याच संध्याकाळी विमानात बसेल आणि मी वेळ मिळवण्यासाठी संगणकासमोर बसेन. नवऱ्याच्या घरच्या प्रत्येक सुखदुःखात मी पाहुणी म्हणूनही वेळेवर पोहोचू शकत नाही. प्रत्येक व्हिसाच्या स्टिकरला पासपोर्टचं अख्खं पान जातं, म्हणून मला नेहमीच्या ३६ पानांऐवजी ६० पानी पासपोर्ट काढावा लागला. त्यातली पानं प्रवासाने भरलेली नाहीत. एकाच प्रश्नाच्या उत्तराने भरलेली आहेत: तुमचं लग्न खरं आहे का?

पण याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. ती सांगताना माझा आवाज आजही चढतो.

अर्ज केला की पासपोर्ट वकिलातीत जातो आणि निर्णय होईपर्यंत तिथेच राहतो. एका हिवाळ्यात डब्लिनहून असाच एक अर्ज दिला होता. पासपोर्ट तिकडे. शुक्रवारी रात्री उशिरा आईचा फोन आला, बाबांना दवाखान्यात हलवलंय, छातीत दुखतंय. आई म्हणाली, "तू निघ. लगेच निघ." मी म्हटलं, पासपोर्ट नाहीये. आईला ते कळेचना. "अगं, तुझा पासपोर्ट तुझ्याकडे नाही म्हणजे? चोरीला गेला का?" मी भारताची नागरिक, मला भारतात यायचं होतं, भारतात यायला मला कुणाची परवानगी लागत नाही, आणि माझा पासपोर्ट तिसऱ्याच देशाच्या कपाटात शनिवार-रविवारची सुट्टी घेत होता. नवऱ्याकडे दोन्ही कागद होते, त्याचा पासपोर्ट आणि भारतात व्हिसाशिवाय येऊ देणारं ओसीआय कार्ड. तो त्या रात्री निघू शकत होता, आणि निघाला. माझ्या वडिलांच्या उशाशी माझ्या आधी माझा नवरा पोहोचला. मी सोमवारी दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. पासपोर्ट हवा तर अर्ज मागे घ्या, म्हणाले. घेतला. पुढे तोच अर्ज पुन्हा पहिल्यापासून, तेच सेवाशुल्क पुन्हा.

बाबा वाचले. पण वाचले नसते तर मी कुणाला जाब विचारणार होते? माझ्याकडे पाच वर्षांचा व्हिसा असता तर त्या रात्री पासपोर्ट माझ्या कपाटात असता. इतकी साधी गोष्ट आहे ही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं घेऊ, कारण ते दर वेळी तोंडावर फेकलं जातं. म्हणतात, खोटी लग्नं होतात. होतात. कागदासाठी लग्न करणारे, पैसे घेऊन लग्न लावून देणारे आहेत, आणि त्यांना पकडलंच पाहिजे. कायद्याच्या ३५व्या कलमात त्याची तरतूद आहे: फसवणूक असेल तर हक्क नाकारा, काढून घ्या. पण ते त्या त्या माणसाविरुद्धच्या पुराव्यावर. मला इतकंच विचारायचं आहे की जे लग्न आयर्लंडच्या सरकारने तपासलं, ज्यावर मला राहायचा परवाना दिला, जे आधी कितीतरी वकिलातींनी तपासून खरं मानलं, ते सातव्या-आठव्या वेळी तपासून कुठला भामटा सापडणार आहे? खोटं लग्न पहिल्या तपासणीत पकडा. नीट तपासा, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारा, माझी हरकत नाही. आणि एकदा खरं ठरलं की पाच वर्षं पुन्हा विचारू नका. याला बंदोबस्त म्हणतात. आज चाललंय तो निव्वळ छळ आहे, आणि त्यातून एकही खोटं लग्न उघडकीला येत नाही.

ही माझी एकटीची मतं नाहीत. शॉन मॅकार्थी नावाचे गृहस्थ, ब्रिटिश आणि आयरिश असे दुहेरी नागरिक. बायको कोलंबियाची. दोघं स्पेनमध्ये राहत होते, तिच्याकडे स्पेनने दिलेलं कुटुंबीयाचं कार्ड होतं. तरीही तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनला जायचं म्हणजे दर सहा महिन्यांनी नवा परवाना. ब्रिटनचं म्हणणं होतं की फसवणूक फार होते, म्हणून सगळ्यांनाच परवाना लावतो. १८ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने हे फेटाळलं. काही लोक फसवतात म्हणून सरसकट सगळ्यांचा हक्क गोठवता येणार नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं पाहा, असा तो निकाल आहे.

त्याच्याही आधी एक भारतीय माणूस या न्यायालयापर्यंत गेला होता. सुरिंदर सिंग. १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला त्यांनी ब्रिटिश नागरिक असलेल्या बाईशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली, मग धंदा टाकायला ब्रिटनला परत आले. ७ जुलै १९९२ चा निकाल असा, की जो नागरिक दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परततो, त्याच्या जोडीदाराला परततानाही युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे. पुढे अनेक जोडपी ज्या वाटेने गेली ती वाट या एका पंजाबी माणसाच्या नावाने ओळखली जाते. वकील लावून, वर्षानुवर्षं थांबून तो हक्क कुणीतरी मिळवलाय. आणि आपण खिडकीवर उभे राहून तो हक्क पेन्सिलीच्या एका गोलासाठी सोडून देतो.

एकापेक्षा जास्त प्रवेशांचं काय, तर तोही इतिहास बघण्यासारखा आहे. २००९ च्या व्हिसा संहितेत अनेक प्रवेशांचा व्हिसा कुणाला द्यावा हे सांगताना व्यापारी, सरकारी अधिकारी, खलाशी यांच्या बरोबरीने संघाच्या नागरिकांच्या कुटुंबीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ती यादी गेली आणि शिडी आली: आधीच्या दोन वर्षांत तीन व्हिसा नीट वापरलेत तर एक वर्षाचा, तो वापरलात तर दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी ही शिडी आणखी सोपी केली. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा. चांगलं झालं. पण ही सवलत भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी आहे. अन्नपूर्णा रोडवरचा एखादा व्यापारी सहकुटुंब दोनदा स्वित्झर्लंड पाहून आला तर त्याला दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्याला मिळावाच, त्याच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. मात्र संघाच्या नागरिकाशी लग्न करून डब्लिनमध्ये राहणारी मी या सवलतीच्या बाहेर. सहलीला जाणाऱ्यावर विश्वास आहे, बायकोवर नाही.

आणि हा अविश्वास किती महाग पडतो पाहा. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांवर अर्ज गेले, त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये फी ८० युरोंवरून ९० झाली. नकार आला तरी फी परत नाही, केंद्राचं शुल्कही नाही. कुटुंबीयांची फी माफ आहे हे ज्यांना ठाऊक नाही, ती बायका-माणसं ही फीसुद्धा निमूटपणे भरतात.

भारताची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुलना करायची तर करू. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाचं लग्न नोंदलेलं असेल आणि दोन वर्षं टिकलं असेल, तर त्याला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो, हेलपाटे होतात. पण एकदा कार्ड मिळालं की आयुष्यभर हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा. पोलिसात नोंदणी नको. दोन वर्षं थांबायला लावणं मला पटत नाही, आणि घटस्फोट झाला की कार्ड जातं हे तर मुळीच पटत नाही, कारण मुलं इथेच असतात. तरीही तपासणी एकदा होते. ज्या देशाच्या पासपोर्टकडे युरोपातले अधिकारी संशयाने बघतात, तो देश परक्या सुनेवर आणि जावयावर त्यांच्याहून जास्त विश्वास टाकतो.

इंदूरला तर परदेशी सून नवी नाही. आमच्या घरापासून जवळ होळकरांचा लालबाग पॅलेस आहे. १९२८ मध्ये इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी बडवाह इथे लग्न केलं. त्याआधी तिला धर्म बदलावा लागला, नाव बदलावं लागलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि त्यावरून देशभर वादंग माजलं. मोठी किंमत होती ती. आज कुणी अशी मागू नये. पण ती एकदाच मागितली गेली आणि त्यानंतर ती या घराण्याची होती. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव होळकर यांच्या अमेरिकन पत्नीच्या मुलाला, रिचर्ड होळकरांना, गादीचा वारसा नाकारला गेला, हेही इथेच घडलं, आणि ते मी लपवणार नाही. त्याच रिचर्ड यांच्या अमेरिकन पत्नी सॅली होळकर यांनी पतीबरोबर १९७९ मध्ये महेश्वरला रेहवा सोसायटी उभी केली आणि मरणपंथाला लागलेले माहेश्वरी साड्यांचे माग पुन्हा चालू झाले. परदेशी जोडीदार म्हणजे काय चीज असते, हे निमाडातल्या विणकर बायकांना विचारा. युरोपच्या वकिलातींना ती फक्त परत न जाण्याची शक्यता दिसते.

आता आपल्या लोकांबद्दल. मला सगळ्यात जास्त चीड आपल्या लोकांची येते. अन्नपूर्णा रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटाला कलम दाखवलं तर तो म्हणतो, "दीदी, ये सब मत दिखाओ, अफसर चिढ़ जाएगा. जो माँगे दे दो." काकू सांगतात, "परक्याच्या दारात आवाज चढवू नये." मैत्रिणी सांगतात, देऊन टाक ते बँक स्टेटमेंट, काय फरक पडतो? फरक पडतो. आपण दर वेळी न मागायचा कागद देतो, म्हणून तो पुढच्या बाईकडे मागितला जातो. चेकलिस्ट अशीच लांब होत जाते. माझ्याकडे एकदा 'ताजं' विवाह प्रमाणपत्र मागितलं. इंदूर नगर निगमाने दिलेलं मूळ प्रमाणपत्र, हिंदीतलं, भाषांतरासह, अपोस्टिलचा शिक्का मारलेलं माझ्याकडे होतं. अपोस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार भारतात २००५ पासून लागू आहे, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव छापलेलं आहे, तरी नवीन प्रत हवी. माझा भाऊ कामावर रजा टाकून निगमच्या कार्यालयात रांगेत उभा राहिला. ती प्रत मी दिली, आणि त्याच वेळी ही मागणी कुठल्या नियमाखाली केली ते लेखी कळवा, असं पत्रही दिलं. ते पत्र पोहोचल्यावर पुढच्या अर्जात 'ताज्या' प्रतीचा प्रश्न निघाला नाही.

म्हणून माझ्यासारख्या स्थितीत असलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला माझं सांगणं आहे. आधी थेट वकिलातीला मेल करा, कुटुंबीय म्हणून विनाशुल्क वेळ मागा, उत्तर जपून ठेवा. चांदणीचे रकाने भरू नका. अनेक प्रवेशांचा व्हिसा लेखी मागा, त्याला आधीच्या व्हिशांच्या आणि शिक्क्यांच्या प्रती लावा, किती वर्षांचा हवा ते आकड्यात लिहा. नकार आला तर कारण लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. आयोगाने २००९ मध्ये स्वतःच म्हटलं होतं की या व्हिशाला चार आठवड्यांहून जास्त उशीर समर्थनीय नाही, तेव्हा चार आठवडे उलटले की तारीख टाकून पत्र लिहा. संघाची सॉल्विट नावाची यंत्रणा आहे. सरकारी कार्यालयं युरोपीय कायदा मोडतात तेव्हा तिथे फुकट तक्रार करता येते. जोडीदार संघाचा नागरिक आहे, तक्रार त्याने करावी. त्याचाही हक्क मोडला जातोय, आणि त्याच्या आवाजाला तिथे वजन आहे. नवऱ्यांनो, विमानतळावर आपली रांग पटकन सरकते म्हणून समाधान मानू नका. ही तुमचीही लढाई आहे.

डब्लिनच्या सरकारलाही मी हेच लिहिलं आहे. तुम्हाला शेंगेनमध्ये जायचं नसेल तर जाऊ नका, तो तुमचा निर्णय. पण तुमच्या नागरिकांच्या जोडीदारांना तुम्ही जो परवाना देता, त्याच्या मुदतीइतका अनेक प्रवेशांचा व्हिसा शेजारच्या देशांनी द्यावा, ही मागणी ब्रसेल्समध्ये तुम्ही मांडायची आहे. तुमच्या नागरिकाने केलेलं लग्न तुम्ही खरं मानलंत. ते इतरांनीही मानावं, एवढं तुम्ही म्हणू शकता. आणि भारताचं सरकार युरोपशी मालावरच्या जकातींवर तासन् तास बोलतं, तेव्हा त्या टेबलावर आमचाही कागद ठेवायला हवा: भारतात राहणाऱ्या भारतीयांना २०२४ मध्ये जी शिडी दिलीत, ती संघाच्या नागरिकांबरोबर संसार करणाऱ्या, बाहेर राहणाऱ्या भारतीयांनाही द्या, आणि पहिल्या पायरीपासून नको, शेवटच्या पायरीवर द्या.